हसा, पण पायाला नव्हे

राखीपौर्णिमेच्या दिवशी आमच्या वर्गातली बरीच मुले महाविद्यालयाकडे फिरकत नाहीत. कारण जाणकारांस सांगायला नको. मी मात्र हमखास सापडतो. कुबड्या घेऊन पळणार कुठे? यंदा माझ्या मनगटावर सात राख्या होत्या. सातही जणींचा हेतू निर्मळ होता, याविषयी मला शंका नाही. पण कुबडीवाल्या मुलाच्या मनात बंधुभावापलीकडे दुसरे काही असू शकेल, अशी शंका त्यांच्यापैकी एकीलाही शिवू नये, याचे मला हसू येते आणि थोडे दुःखही होते.

हे आठवायला निमित्त झाले 'हास्ता ला व्हिस्ता' या बेल्जियमच्या चित्रपटाचे. साल २०११. आस्ता फिलपॉट या अपंग माणसाच्या खऱ्या अनुभवावरून तो सुचला. तीन तरुण मित्र. फिलिपला मानेखाली हालचाल नाही, योझेफला जवळजवळ दिसत नाही आणि मेंदूतल्या गाठीमुळे चाकांच्या खुर्चीत बसलेल्या लार्सचे दिवस भरत आले आहेत. तिघांनाही स्त्रीचा सहवास ठाऊक नाही. घरच्यांना थाप मारून ते स्पेनची वाट धरतात. जायचे असते अपंगांनाही दार उघडे ठेवणाऱ्या एका वेश्यागृहात!

विषय ऐकून काहींच्या भुवया चढतील. माझ्याही चढल्या होत्या. पैसे टाकून मिळणारी जवळीक मला पटत नाही, आणि तिघांपैकी योझेफलाही ती शेवटी नकोशी होते. तो दारातून परत फिरतो, तो त्यांची गाडी चालवणाऱ्या, त्यांची सारी शुश्रूषा करणाऱ्या क्लोदकडे. पण मला खरा भावला तो फिलिप. कारण तो चक्क दुष्ट आहे! क्लोदला आपली भाषा कळत नाही या समजुतीने तो तिच्या लठ्ठपणावरून तिला वाटेल ते बोलतो. स्वतःचा हात उचलता न येणारा माणूस दुसऱ्याच्या देहाची टवाळी करतो. आपण हसतो, आणि मग आपल्याला त्याचा संताप येतो.

अपंगाचा संताप येणे, ही केवढी दुर्मिळ गोष्ट आहे! माझ्यावर आजवर कोणी मनापासून रागावलेले नाही. परीक्षेत दिवे लावले तरी सर म्हणतात, "असू दे, असू दे." ज्याचा राग येत नाही त्याच्यावर प्रेम तरी कोण करणार?

आपल्याकडे सई परांजपे यांनी हा प्रश्न 'स्पर्श'मध्ये १९८० सालीच विचारला होता. अंधशाळेचा प्राचार्य अनिरुद्ध ठरलेले लग्न मोडतो, कारण कविता आपल्यावर प्रेम करते की आपल्यासाठी त्याग करते, हे त्याला उमगत नाही. आज सरकारी कागदावर आम्ही अपंगाचे दिव्यांग झालो आहोत. पण अनिरुद्धची शंका तशीच आहे. दिव्यांगाशी अव्यंग व्यक्तीने विवाह केल्यास महाराष्ट्र शासन अर्थसाहाय्य देते. योजना चांगली आहे, गरजूंना उपयोगीही आहे. पण प्रेमपत्राला अपंगत्वाचा दाखला जोडावा लागणार, या कल्पनेने मला तरी खुदकन हसू येते.

यावर कोणी म्हणेल, अपंगांवर विनोद करणे हे क्रौर्य आहे. काही विनोद क्रूर असतातच. तोतरे बोलणाऱ्याची नक्कल करून टाळ्या घेणारे चित्रपट आपण पुष्कळ पाहिले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चित्रपटाविरुद्धच्या याचिकेत हाच भेद स्पष्ट केला. अपंगाला हीन लेखणारा विनोद वेगळा आणि अपंगत्वाविषयीची समजूत वाढवणारा विनोद वेगळा, असे न्यायालयाने सांगितले. आपल्याविषयीचे काहीही आपल्याला वगळून ठरू नये, या अपंग चळवळीच्या तत्त्वाचीही आठवण दिली. त्या कसोटीवर 'हास्ता ला व्हिस्ता'ही पूर्ण उतरत नाही. तिन्ही मित्रांच्या भूमिका करणारे नट धडधाकट आहेत. आमचे हसू अजून उसन्या तोंडाने हसले जाते.

माझे म्हणणे एवढेच की, आम्हांला हसायचे असेल तर आमच्या मूर्खपणाला हसा. माझा पाय हा विनोद नाही. पण तीन महिने मी एकीला वाचायला पुस्तके देत राहिलो आणि तिने ती प्रामाणिकपणे ग्रंथालयात जमा केली, हा नक्कीच विनोद आहे. तिने मला तोंडावर 'नाही' म्हटले असते तरी चालले असते. मात्र तो नकार माझ्या भिकार कवितांना असावा, कुबडीला नसावा.

तेव्हा पुढल्या राखीपौर्णिमेला भगिनींनी एवढी कृपा करावी: राखी बांधण्यापूर्वी मला पळण्याची संधी द्यावी. मी पकडला जाईन, हे उघड आहे. पण निदान पळताना पाहून आपण सगळेच हसू. आणि कोण जाणे, एखादी पाठलाग सोडूनही देईल.