‘निसर्गरम्य’ हा इसारच

एखाद्या प्रदेशाला मराठीत ‘निसर्गरम्य’ म्हटले जाऊ लागले, की तो विक्रीला निघाला असे समजावे. हे विधान वाचकांना अतिरेकी वाटेल. गेल्या डिसेंबरातील एका दिवसापर्यंत ते आम्हालाही तसेच वाटले असते. त्या दिवशी आम्ही चौघे मित्र दापोलीहून निघून मुरूड, हर्णै, आंजर्ले या वाटेने केळशीपर्यंत गेलो. चौघेही एम.ए.ला एका वर्गात होतो आणि आज चार वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. वर्षातून एकदा एकत्र यावे, गाडी काढावी, मासे खावेत आणि विद्यापीठाच्या नावाने बोटे मोडावीत, एवढाच आमच्या सहलींचा आजवरचा कार्यक्रम. या वेळी त्यात एक कलम वाढले होते. आमच्यापैकी एकाने आंजर्ल्याच्या पुढे एका डोंगरउतारावरची अर्धा एकर जागा पाहून ठेवली होती. चौघांत मिळून ती घ्यावी, निवृत्तीनंतर तिथे येऊन वाचावे-लिहावे, असा बेत होता. एजंट दुपारी भेटणार होता.

सकाळी आसूदचा उतार उतरून मुरूडला आलो. हे धोंडो केशव कर्वे यांचे गाव. शाळकरी वयात याच गावाहून एका परीक्षेसाठी ते पायी साताऱ्याला गेले होते. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. म्हणजे गाव म्हटले की माणसे आली आणि माणसांबरोबर त्यांचा कर्मठपणा, भांडणे, जिद्द हे सारे आले. आम्ही मात्र तिथे चहा घेतला, किनाऱ्यावर फोटो काढले आणि डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांचे दर विचारले. ‘काय शांत आहे!’ हे वाक्य त्या अर्ध्या तासात आमच्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी उच्चारले.

हर्णैला शांतता नव्हती. पुळणीवर मासळीचा लिलाव चालू होता. होड्यांतून उतरवलेला माल बैलगाड्यांतून वर येत होता, बर्फ फुटत होता, भाव पुकारले जात होते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आमच्यातील एकाने दुर्ग आणि बैलगाडी एकाच चौकटीत यावी म्हणून बराच वेळ खर्च केला. एक मासळीवाली म्हणाली, “फोटो पुरे झाले भाऊ, मासळी घ्या.” आम्ही हसलो आणि काही न घेताच पुढे निघालो. गाडीत बसल्यावर ‘मासळीच्या वासाने जरा त्रास होतो, पण दृश्य अप्रतिम’ असा अभिप्राय नोंदवला गेला. तो कोणाचा, हे सांगण्याचे कारण नाही. आम्ही चौघेही त्याला ‘हो’ म्हणालो होतो.

आता त्या जागेकडे वळू. एजंटाने उतारावर उभे राहून हात पसरून समुद्र दाखवला आणि तो म्हणाला, “सर, एकदम निसर्गरम्य लोकेशन.” मग त्याने सातबाऱ्याची प्रत काढली. आयुष्यभर मराठी गद्य शिकवणाऱ्या आम्ही चौघांनी तो उतारा वाचला. खरे तर त्या दिवशी पहिल्यांदाच लक्ष देऊन वाचला.

उताऱ्यावर बावीस नावे होती. कोकणात हे नवलाचे नाही; पिढ्यान्‌पिढ्या वाटप न झालेल्या सामाईक जमिनी तिथे गावोगाव आहेत. काही नावे मयतांची, काही मुंबईला गेलेल्यांची, काही लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणींची. थोडे क्षेत्र वरकस आणि बाकीचे पोटखराब. ज्या उताराला एजंट ‘सी-व्ह्यू’ म्हणत होता आणि आम्ही मनातल्या मनात ‘रम्य’ म्हणत होतो, त्याला महसूल खात्याची मराठी पोटखराब म्हणते, म्हणजे लागवडीस अयोग्य. त्या कागदात निसर्ग कुठेच नव्हता. होती ती माणसे, त्यांची नाती, हक्क, बोजे आणि कसण्याची मेहनत. याउलट दिवाळी अंकांतील आणि रविवारच्या पुरवण्यांतील प्रवासवर्णनांत निसर्ग ओसंडून वाहतो आणि माणसे बहुधा आढळत नाहीत. आढळलीच तर ती ‘साधीभोळी’ असतात आणि उकडीचे मोदक वाढून चौकटीबाहेर जातात.

आमचा आक्षेप या दुसऱ्या गद्यावर आहे. ज्याला समुद्र पाहून आनंद होत नाही त्याच्याशी आमचे काही भांडण नाही. आम्हाला तो होतो. पण आनंद झाल्यावर आपण जी भाषा वापरतो ती आधी जमीन रिकामी करून घेते. ‘अस्पर्शित’ किनारा म्हणताना रोज पहाटे तिथे जाळी ओढणाऱ्यांचा स्पर्श मोजलेला नसतो. ‘शांत’ गाव म्हणताना ते शांत का आहे, तिथली तरुण माणसे गेली कुठे, हा प्रश्न विचारलेला नसतो. अशी विशेषणे लावून रिकामी झालेली जमीन विकत घ्यायला कोणालाच अपराधी वाटत नाही, कारण तिथे कोणी नसतेच! व्यवहारात इसार देऊन जागा अडवली जाते, साहित्यात विशेषण देऊन. पहिल्याची निदान पावती तरी मिळते.

ही भाषा मराठीत पूर्वापार आहे, असेही नाही. याच दापोली तालुक्यातील मुर्डीत जन्मलेल्या श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ ची आणि ‘तुंबाडचे खोत’ १९८७ ची. पेंडशांनी मुंबईत राहून, बेस्टमध्ये नोकरी करून कोकण लिहिले. दूर राहणाऱ्याची ओढ त्यांच्या लेखनात आहेच. परंतु त्यांच्या कोकणात पोफळीच्या बागेला मालक असतो, त्या मालकाला भाऊबंद असतात आणि त्या भाऊबंदांत वैर असते. खोती हा तिथे नुसता रंगीत तपशील राहत नाही. हीच खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले. त्याआधी १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे कुळांनी संप पुकारला आणि तो सहा वर्षे चालला. कोकणची जमीन कोणाची, या प्रश्नाचा एवढा मोठा इतिहास असताना आज आमचे ललित गद्य तो प्रश्न ‘कोकणचा कॅलिफोर्निया’सारख्या घोषणांच्या स्वाधीन करून सूर्यास्त पाहत बसते.

कायदाही याच भाषेच्या मागून चालला आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून पाचशे मीटरचा पट्टा नियमनाखाली आणला आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिले दोनशे मीटर ना-विकास क्षेत्र ठरवले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांपुरते हे अंतर पन्नास मीटरवर आणले आणि पुळणीवर हंगामी पर्यटन-सुविधांना वाट करून दिली. आमच्या जागेबाबत एजंट म्हणाला, “सीआरझेडचे टेन्शन नाही, सर.” शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, हेही त्यानेच सांगितले. आमच्यापैकी दोघांची नावे वडिलांच्या पश्चात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील सातबाऱ्यांवर लागली आहेत. आम्ही दोघांनी गेल्या वीस वर्षांत नांगर पाहिला असेल तो ग्रामीण साहित्याच्या तासाला; कायद्याने मात्र आम्ही शेतकरी. उरलेल्या दोघांचे काय? “त्याचाही मार्ग निघतो.”

इथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. पर्यटकांना नावे ठेवणे सोपे आहे. पण पर्यटन नसेल तर या गावांनी जगावे कशावर? हा आक्षेप आमच्यासमोर कोणा अर्थतज्ज्ञाने मांडला नाही. केळशीत ज्या घरी आम्ही जेवलो, तिथल्या काकूंनी मांडला. ३ जून २०२० च्या चक्रीवादळात त्यांची नारळी-पोफळीची बाग आडवी झाली. त्या वादळाचे नाव ‘निसर्ग’ होते, हे मराठीच्या प्राध्यापकांना मुद्दाम सांगायला नको. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. काकू म्हणाल्या, “तुमच्यासारखी माणसे जेवायला आली म्हणून पुन्हा घरावर कौले चढली. येऊ नका असे कोण म्हणेल?”

आम्हाला बरे वाटले. आपल्या सहलीला नैतिक अधिष्ठान मिळाले असेच वाटले म्हणा. मग काकूंनी विचारले, “जागा बघायला आलात का?” आम्ही ठिकाण सांगितले. त्या आंजर्ल्याकडच्याच माहेरवाशीण निघाल्या. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, “घेतलीत तर गडगा घालाल ना?”

अर्थातच घातला असता. अर्ध्या एकराला कुंपण नको? पण त्या उतारावरून खाली जाणारी जी पायवाट आम्ही ‘किती सुंदर’ म्हणून टिपली होती, ती त्यांच्या माहेरच्या वाडीची पाखाडी होती. गुरे त्याच वाटेने वर चरायला जातात, लाकूडफाटा त्याच वाटेने येतो. सातबाऱ्यावर तिची नोंद नव्हती. आमच्या सौंदर्यदृष्टीत तर नव्हतीच. गेस्ट म्हणून आलेला माणूस जेवतो, पैसे देतो आणि जातो. मालक म्हणून आलेला गडगा घालतो. काकूंचा हा भेद सरळ होता. पर्यटनाचे समर्थन आणि जमीनखरेदीचे समर्थन ही एकच गोष्ट नाही, हे आमच्या कोणत्याही चर्चासत्रात याआधी इतके स्वच्छ मांडले गेले नव्हते.

परतीच्या वाटेवर गाडीत वाद झाला आणि तो बराच कडवट झाला. ‘आपण नाही घेतली तर दुसरा कोणी घेईल, आणि तो रिसॉर्ट बांधेल, आपण निदान झाडे तरी लावू’ असे एकाचे म्हणणे होते. या युक्तिवादाला आमच्याकडे पुरेसे उत्तर नाही. ती जागा आज ना उद्या जाईल, हे आम्हालाही दिसते. पण दुसरा करील ते आपण आधी करावे, हा साऱ्याच खरेदीदारांचा युक्तिवाद असतो, आणि पुस्तके वाचणाऱ्याने घातलेल्या गडग्यावरून गुरे काही उडी मारून जात नाहीत.

आम्ही तिघांनी इसार दिला नाही. चौथ्याचा विचार अजून चालू आहे. हा मजकूर त्याला वाचून दाखवला आहे. त्याने प्रसिद्धीला संमती दिली आहे, सहमती दिलेली नाही. त्याच्या मते आम्ही एका विशेषणावर अवाच्या सवा भार टाकत आहोत. असेल. पण विशेषणे आम्हीच शिकवतो. ‘समुद्रकिनाऱ्यावरील एक संध्याकाळ’ या निबंधात ‘निसर्गरम्य’ लिहिणाऱ्या मुलाला गुण देणारे आम्हीच, आणि महाविद्यालयाच्या वार्षिकांकात सहलींची वर्णने छापणारेही आम्हीच. यंदाच्या अंकासाठी आलेले लेख आमच्यासमोर पडले आहेत. त्यांतले चार कोकणावर आहेत. ‘निसर्गरम्य’ खोडायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. त्या शब्दापुढे समासात एकच प्रश्न लिहून लेख विद्यार्थ्यांकडे परत जातील : या वाटेने रोज कोण जाते?