फाल्गुनातले घरचे गोड

वसंत ऋतू म्हटला की पाठ्यपुस्तकातला वसंत आठवतो. आम्रमोहर, कोकिळेचे कूजन, मंद वाऱ्यावर डोलणाऱ्या लता! आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला वसंत इतका सुकुमार नाही. तो येतो तेव्हा वावरातल्या पऱ्हाट्या उपटून बांधावर ढीग लागलेले असतात, हरभऱ्याची सवंगणी चालू असते, दुपारी डांबरी रस्ता तापतो आणि पहाटे मात्र चादर ओढून घ्यावी लागते. घाटंजी-पांढरकवड्याच्या वाटेवर पळस लाल होतो आणि पाने गाळून उघड्या पडलेल्या मोहाखाली टोपल्या घेऊन माणसे वाकलेली दिसतात. हा आमचा वसंत. त्याच्यावर कविता पुष्कळ झाल्या; त्याच्या चवीबद्दल मात्र आपल्या वार्षिकांकातून फारसे कोणी लिहीत नाही. ते या वेळी लिहावे असे मला वाटले.

फाल्गुनातले आपले गोड पदार्थ नीट पाहिले तर त्यांच्यामागे एक सरळ हिशेब दिसतो. जे नुकतेच घरात आले आहे त्याचेच गोड करायचे. होळीला पुरण का? कारण हरभरा आणि गहू याच सुमारास खळ्यावरून घरात येतात. नव्या गव्हाच्या ओंब्या होळीच्या आरावर भाजायच्या आणि नव्या डाळीचे पुरण त्याच अग्नीला दाखवायचे. कोणाकडे गुळाची पोळी, कोणाकडे साखरेची. पण वैदर्भीय पोळीला तूप वाढताना हात आखडता घेतलेला चालत नाही. लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्या पडतात. त्या खाण्यापेक्षा मिरवण्यातच जास्त गोडी असते, आणि दुसऱ्या दिवशी धुळवडीच्या रंगाने त्या गुलाबी झाल्या तरी कोणी टाकून देत नाही.

होळी सरली की उन्हाला धार येते, हवा कोरडी होते आणि शेवयांचे दिवस सुरू होतात. हाही ऋतूचाच हिशेब आहे. ओल्या हवेत शेवई वाळत नाही, तिला बुरशी येते. म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या या कोरड्या दिवसांत वर्षभराची बेगमी करायची. आळीतल्या चार बाया एकीच्या अंगणात जमतात, मळून तिंबलेली कणीक पाटावर ओढली जाते, बाजेवर धुतलेले लुगडे पसरून त्यावर शेवया टाकल्या जातात. काडीला कणकेची तार गुंडाळून सरगुंडे होतात. लहान मुलींच्या हाती नखुल्या आणि बोटवे येतात. दुपार कशी सरली ते कळत नाही. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. या दुपारी ज्या गोष्टी बोलल्या जातात त्या घरातल्या पुरुषांसमोर कधीच बोलल्या जात नाहीत. शेवयांचा पाट म्हणजे आमच्या आयांचा स्नेहसंमेलनाचा मंडपच!

आता यातले बरेच कमी होत चालले आहे. शेवया पाकिटात मिळतात, पुरणपोळी तयार मिळते, होळीला मिठाईचा डबा आणला की काम भागते. हलवायाशी माझे भांडण नाही. त्याचेही पोट आहे आणि त्याचा पेढा मलाही आवडतो. जुने ते सारे सोने असेही मी म्हणत नाही. कारण या घरच्या गोडाची दुसरी बाजू ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याचे फार गोडवे गाता येणार नाहीत. डाळ शिजवायची, पाट्यावर वाटायची किंवा पुरणयंत्रातून काढायची, मार्चच्या उकाड्यात चुलीपाशी बसून पन्नास पोळ्या लाटायच्या, सर्वांना तव्यावरची गरम वाढायची आणि शेवटी स्वतः गार पोळी घेऊन बसायचे, ही बाई कोण असते ते सांगायला नको. तिने उद्या पाकीट आणले तर तिला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्याने आयुष्यात एकदाही पुरणयंत्राचा दांडा फिरवला नाही त्याला तर मुळीच नाही. ‘आईच्या हातची चव’ या विषयावर आपल्या वक्तृत्व स्पर्धांत डोळ्यांत पाणी आणणारी भाषणे होतात. वक्त्यांनी पुढच्या होळीला फक्त दोन वाट्या पुरण वाटून पाहावे, मग बोलावे. घरचे गोड टिकावे असे ज्याला वाटते त्याने त्याचे कष्टही वाटून घ्यावेत. माझ्या मते ते टिकण्याचा हाच एक मार्ग आहे.

परंतु या ऋतूतले सर्वांत अस्सल गोड पुरणपोळीत नाही, शेवईतही नाही. ते जंगलात पहाटे झाडावरून गळते. मोहाचे फूल रात्रभर पिकते आणि उजाडताना टपटप खाली पडते. फिकट पिवळसर, रसाने भरलेले, द्राक्षासारखे. झाडाला पेरणी लागत नाही, खत लागत नाही, फवारणी लागत नाही. गोळा केलेली फुले उन्हात वाळवली की मनुकांसारखी होतात आणि वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखरच असते. ती चोळून आतले केसर काढायचे, तव्यावर भाजायची आणि तिळाबरोबर उखळात कुटून लाडू वळायचे. ताज्या फुलांचा रस आटवून काकवीसारखा पाक करतात, पिठात मिसळून भाकर करतात. पुढे फळे आली की बियांचे तेल निघते. कोलाम, गोंड, परधान घरांत हे सारे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ज्या वर्षी ज्वारी पिकली नाही त्या वर्षी याच फुलांनी माणसे जगवली.

आणि आपण या फुलाचे काय केले? त्याचे नाव घेतले की आपल्याला एकच गोष्ट आठवते, दारू. आमच्या ओळखीच्या एका मुलीच्या डब्यात घरून आलेले मोहाचे लाडू होते. ती झरी-जामणीकडची. खोलीतल्या कोणीतरी विचारले, “खाल्ले तर चढत नाही ना?” सगळ्या हसल्या. तीही हसली आणि डबा खाटेखाली सरकवला. त्यानंतर तिने तो आमच्यासमोर कधी उघडला नाही. द्राक्षापासूनही दारू होते. तरी बेदाणा देवाच्या नैवेद्याला चालतो. मोहाचा लाडू मात्र खाटेखाली! हा भेद चवीने केलेला नाही. फूल कोणाच्या अंगणातले आहे यावरून तो झाला आहे.

कायद्यानेही बराच काळ हीच नजर ठेवली. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मोहफुले बाळगणे, विकणे, वाहून नेणे यांवर बंधने घातली आणि अन्न म्हणून फुले साठवणारा माणूसही संशयित ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क मान्य केला आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांवरील निर्बंध शिथिल केले. कायदा बदलला, खोलीतले हसणे अजून बदलायचे आहे. आपल्या संस्कृत वाङ्मयाला तर या फुलाची कधीच लाज वाटली नव्हती. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त पार्वतीला वधूवेशात सजवताना तिच्या केसांत दूर्वा गुंफलेली मधूकफुलांची माळ बांधली आहे. मधूक म्हणजेच मोह. हाल सातवाहनाच्या ‘गाथासप्तशती’तही मोहाची झाडे भेटतात. जे फूल जगन्मातेच्या केसांत शोभले ते आपल्या ताटात आले तर आपली प्रतिष्ठा जाईल, असे मानणाऱ्यांनी पदवीसाठी तरी कालिदास वाचू नये!

येथे कोणी विचारील की, ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी घेतले जाते तेथे लाडू-पोळ्यांवर लेख लिहिणे शोभते का? प्रश्न रास्त आहे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले ते १९ मार्च १९८६ रोजी, याच दिवसांत. त्यांच्या स्मरणार्थ १९ मार्चला अनेक जण अन्नत्याग करतात. फाल्गुन हा आपल्याकडे सणाचा महिना आहे तसाच हिशेबाचाही. बहुतेक कापूस विकून झालेला असतो, बँकेचे, सावकाराचे आणि कृषी केंद्राचे देणे समोर असते आणि वर्ष हाती लागले की गेले ते याच महिन्यात कळते. कोणत्या घरी होळीला पुरण शिजेल हे पंचांग ठरवत नाही, कापसाचा भाव ठरवतो.

पण म्हणूनच हा विषय क्षुल्लक नाही. माणसाला जगण्यासाठी दोन भाकरी पुरतात हे खरे. पण जगावेसे वाटण्यासाठी लेकराच्या गळ्यातली गाठी लागते, पाटावरची ती दुपार लागते. शेतकऱ्याच्या प्रश्नावर बोलताना आपण क्विंटल आणि रुपये मोजतो. ते मोजलेच पाहिजेत. त्याबरोबर हेही विचारले पाहिजे की, त्या घरात या वर्षी गोड झाले का? न्याय्य भाव म्हणजे शेवटी काय? सणाच्या दिवशी उधारीवर गूळ आणावा लागू नये, एवढे तरी त्यातून साधले पाहिजे. साधे सुख स्वस्त असते असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. ज्याच्याकडे ते नाही त्याला विचारा त्याची किंमत.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, माझे मागणे फार मोठे नाही. पुढच्या स्नेहसंमेलनात खाद्यपदार्थांची दालने लागतील तेव्हा भेळ आणि सँडविच यांच्याबरोबर एक दालन मोहाच्या लाडवांचे असावे, आणि ते ज्यांच्या घरचे आहे त्यांच्याच हाती असावे. होळीच्या सुटीत घरी गेलेल्या मुलांनी एकदा तरी पाट्यापाशी बसावे. मराठी आणि गृहअर्थशास्त्र विभागांनी मिळून आपल्या तालुक्यांतल्या आज्यांकडून सरगुंड्यांची, नखुल्यांची, मोहाच्या पाकाची रीत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी. आज्या काही कायमच्या नसतात. गुरुजनांनीही या कामाला प्रकल्प म्हणून गुण द्यावेत. निदान त्या निमित्ताने तरी आम्ही ते करू. आणि शेजारणीने घरून आलेला डबा उघडला तर हसण्याआधी हात पुढे करावा. वसंताचे स्वागत याहून वेगळे काय असते?