काकड्याचे दिवस

आश्विन पौर्णिमेला कोजागरीचे दूध आटते आणि त्याच सुमारास महाराष्ट्रातल्या गावोगावच्या विठ्ठल मंदिरांत काकडा, म्हणजे पहाटेची भजने आणि आरती, सुरू होतो. तो संपतो कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला. पंढरपुरात काकडआरती वर्षभर चालते; गावाला मात्र वर्षात हा एकच महिना. दोन पौर्णिमांच्या बरोबर मधोमध अमावास्या येते, आणि ती दिवाळीची. म्हणजे घराघरांत पणत्या लागतात तेव्हा देवळातला काकडा निम्म्यावर आलेला असतो. शहरी दिवाळी चार-पाच दिवसांची मानली जाते. ज्या गावात काकडा आहे तिथे दिवे पहाटेचे आणि महिनाभराचे असतात.

काकडा हे मुळात आरतीचे नाव नव्हे, वातीचे. जुन्या मऊ सुती कापडाची पट्टी घट्ट पिळायची, दुमडून पुन्हा पीळ भरायचा आणि तुपात किंवा तेलात बुडवून ठेवायची. बोटाएवढी जाड झालेली ही वात पेटायला वेळ घेते. आधी टोक नुसते तडतडते, धुरकटते, मग पिवळी ज्योत सरळ होते. गाभाऱ्यात त्या वेळी दुसरा उजेड नसेल तर काळ्या पाषाणाची मूर्ती एकदम दिसत नाही. आधी कपाळ, मग डोळे, मग कटेवरचे हात असे एकेक उजळत जाते. वीज आलेल्या देवळातही पुष्कळ ठिकाणी काकडा ओवाळताना बल्ब मालवतात. तसे करण्यातच या आरतीचा अर्थ टिकून आहे.

काकड्याच्या भजनाला ठरलेला क्रम असतो. मंगलाचरण, देवाला उठवण्याचे अभंग, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे, पांगुळ, जोगी अशी रूपके, गौळणी आणि शेवटी आरती. वासुदेव, जोगी, पांगुळ ही सगळी माणसे एके काळी खरोखरच पहाटे दारात येत. मोरपिसांची टोपी घालून चिपळ्या वाजवीत दान मागणारा वासुदेव तर अनेकांनी पाहिलेला आहे. संतांनी या फिरस्त्यांच्या तोंडी परमार्थ घातला आणि भल्या पहाटेची गल्ली आपल्या काव्यात आणली. आज वासुदेव क्वचित दिसतो, पण काकड्यात तो अजून रोज येतो. भूपाळी हा प्रकारही केवळ देवळाचा राहिला नाही. तमाशाच्या फडात गाणाऱ्या होनाजी बाळा यांची कृष्णाची भूपाळी घरोघर पोचली, आणि व्ही. शांताराम यांनी 1951 साली होनाजीवर काढलेल्या चित्रपटाचे नावच ‘अमर भूपाळी’ असे ठेवले.

हाच महिना का, याचे शास्त्रातले उत्तर चातुर्मासात आहे. आषाढ शुद्ध एकादशीला विष्णू निजतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीला उठतो, म्हणून ती प्रबोधिनी. जागे होण्याची वेळ जवळ आली की भूपाळ्या म्हणायच्या, हे सरळ आहे. पण देवाच्या निद्रेचे चार महिने आणि पावसाचे चार महिने जवळपास एकच आहेत. त्या काळात वाटा चिखलाच्या, नद्या भरलेल्या. संन्याशांनी एका जागी राहायचे आणि कुणब्याने शेतात राबायचे. आश्विनात पाऊस ओसरतो, वाटा वाळतात, खरिपाचे धान्य घरात येते. मग पंढरीची कार्तिकी वारी भरते, आणि वद्य पक्षात आळंदीची, कारण ज्ञानेश्वरांनी शके 1218 मध्ये, म्हणजे 1296 साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली. भक्तीचे हे वेळापत्रक शेताच्या वेळापत्रकाशी असे जुळले आहे की कोणी कोणाला धरून चालले हे सांगणे अवघड व्हावे.

दिवसातली वेळही अशीच नेमकी आहे. धर्मशास्त्रात सूर्योदयापूर्वीच्या चार घटिका म्हणजे अरुणोदय. एक घटिका चोवीस मिनिटांची, तेव्हा हा काळ शहाण्णव मिनिटांचा होतो. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर आकाशात उजेडाची पहिली पुसट खूण सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधी उमटते. म्हणजे काकड्याला बसलेला माणूस पूर्ण अंधारात बसतो आणि आरती संपवून बाहेर येतो तेव्हा समोरचा माणूस ओळखू येण्याइतके फटफटलेले असते. अंधारातून उजेडाकडे जाण्याचा सगळा प्रवास त्याच्या भजनात सामावलेला असतो. घड्याळ मात्र सर्वांचे एक असले तरी पहाट एक नसते: नागपूरचा सूर्य मुंबईपेक्षा जवळपास पंचवीस मिनिटे आधी उगवतो.

ऋतू बदलल्याचे दुपारला उशिरा कळते. दुपारी अजून ऑक्टोबरचे ऊन भाजत असते. पहाटेला ते आधी कळते. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. ढग गेले की जमिनीने दिवसभर साठवलेली उष्णता रात्री मोकळ्या आकाशाकडे निघून जाते. पुण्यात ऑगस्टमध्ये दुपार आणि पहाट यांच्या तापमानात सहा-सात अंशांचा फरक असतो; नोव्हेंबरात तो पंधराच्या घरात जातो. थंड झालेल्या पानाला टेकलेली हवा आपल्यातले बाष्प धरून ठेवू शकत नाही आणि पानावर दंव जमते. वारा पडलेला हवा, आकाश निरभ्र हवे. ढगाळ रात्रीनंतरच्या सकाळी गवत कोरडे असते.

याच थंडीचा आणखी एक परिणाम काकडा ऐकणाऱ्यांना अनुभवाने माहीत असतो. एरवी देवळातला मृदंग वेशीपर्यंतही नीट पोचत नाही, पण काकड्याच्या दिवसांत ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या माणसाला टाळ स्पष्ट ऐकू येतात. पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची उबदार, असा उलटा थर तयार झालेला असतो. वर निघालेला आवाज त्या उबदार थरातून वाकून पुन्हा खाली येतो आणि दूरवर जातो. चुलीचा धूर वर न चढता घरांच्या कौलांवर आडवा पसरतो, तोही याच थरामुळे.

अंगणात प्राजक्त असेल तर पहाटेला आणखी एक खूण मिळते. प्राजक्ताचे फूल संध्याकाळी उमलते आणि उजाडण्याच्या आधीपासून गळू लागते. पाकळ्या पांढऱ्या, देठ केशरी; हे देठ वाळवून पूर्वी कापड रंगवीत. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये असा सर्वसाधारण दंडक आहे, पण प्राजक्ताला तो लागू नाही. झाडावरून तोडायचे नाही, पडलेलेच वेचायचे. ज्या झाडाची फुले मिळण्याचा एकच मार्ग वाकून वेचण्याचा आहे, त्याच्यासाठी नियमच बदलून घ्यावा, ही परंपरेची समज फार सुंदर आहे.

दिवाळीची पहाट म्हणजे आश्विन वद्य चतुर्दशीची, नरकचतुर्दशीची. पंचांगात त्या दिवसापुढे चंद्रोदयाची वेळ मुद्दाम छापलेली असते. अभ्यंगस्नान चंद्रोदयानंतर, सूर्योदयाच्या आत करायचे. अमावास्येला एकच दिवस उरलेला असताना चंद्र सूर्याच्या तास-सव्वा तास आधी उगवतो. पूर्व क्षितिजापाशी दिसणारी ती नखाएवढी कोर महिन्यातली शेवटची. उंच इमारतींच्या शहरात ती दिसणे कठीण, पण मोकळ्या माळावर किंवा पूर्वेला उघडी गच्ची असेल तर उटणे लावण्यापूर्वी पाच मिनिटे तिच्यासाठी काढावीत. त्याच वेळी दक्षिणेला व्याध तळपत असतो, त्याच्याखाली क्षितिजाच्या थोडा वर अगस्त्य, आणि मृग जरासा पश्चिमेकडे कललेला. अगस्त्य उगवला की पाणी निवळते, असे जुने लोक मानीत. पावसाळ्याच्या अखेरीस हा तारा पहाटे दिसू लागतो, त्याच सुमारास नद्यांचा गाळ खाली बसू लागतो. ताऱ्याने पाणी निवळत नाही, पण त्याला पाहून पाणी निवळण्याची वेळ ओळखता येते.

तेल आणि उटणे यांचेही तसेच. जमिनीवरून येणारे कोरडे वारे सुरू झाले की ओठ फुटतात, टाचा उलतात. थंडीतले पहिले तेल अंगाला याच दिवशी लागते. कोकणात आणि गोव्यात स्नानानंतर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. कुंपणावरच्या रानवेलीचे हे अंड्याच्या आकाराचे छोटे कडू फळ नेमके याच दिवसांत मिळते. ते नरकासुराचे प्रतीक. त्याचा रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचे. गोव्यात रात्रभर मिरवलेले नरकासुराचे पुतळे पहाटे जाळतात आणि सकाळी फोवांचे प्रकार रांधतात. गोडे, तिखट, ताकातले, नारळाच्या रसातले हे पोहे नव्या भाताचे. कापणी होऊन आठ-पंधरा दिवस झालेले धान्य पहिल्यांदा ताटात येते ते या पहाटे.

दिवाळी म्हणजे थंडी, हे समीकरण दर वर्षी जुळत नाही. त्यामागे हवामानबदलाआधीचे, पंचांगातलेच एक कारण आहे. चांद्रवर्ष 354 दिवसांचे, सौरवर्ष 365 दिवसांचे. दर वर्षी अकरा दिवसांनी मागे सरकणारा सण साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येणाऱ्या अधिक मासामुळे पुन्हा पुढे ढकलला जातो. 2023 साली लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होते, 2025 साली 21 ऑक्टोबरला, आणि 2026 साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ते 8 नोव्हेंबरला. ऑक्टोबरातल्या दिवाळीला पावसाचा ओलावा चिकटलेला असतो. नोव्हेंबरातल्या दिवाळीला कढत पाण्याचा तांब्या हवासा वाटतो.

पण सगळे पंचांगावर ढकलता येत नाही. 2019 साली दिवाळी 27 ऑक्टोबरला होती आणि त्याच दिवसांत अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ होते. कोकणात कापून ठेवलेले भात भिजले, लोंब्यांना कोंब फुटले. मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन शेतातच काळे पडले. 2025 साली मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजीच दाखल झाला, नोंदींतला सर्वांत लवकर. आणि सप्टेंबरात सीना नदीच्या काठची गावे पाण्याखाली गेली. नव्या भाताचे पोहे नसलेली दिवाळी ही त्या घरासाठी आहाराची नव्हे, काळाची विस्कट असते. ज्यावर भरवसा ठेवून सण आखले गेले तो ऋतूच वेळेवर येत नाही, याचे दुःख आकडेवारीत मावत नाही.

तरीही कार्तिक उजाडतो तेव्हा सोलापूर आणि मराठवाड्याच्या काळ्या रानात पावसाच्या उरलेल्या ओलीवर पेरलेली ज्वारी गुडघ्याला आलेली असते. सप्टेंबरपासून आलेले धोबी पक्षी शेपटी वरखाली हलवीत पाणवठ्यावर फिरतात. प्रबोधिनी एकादशीनंतर द्वादशीपासून तुळशीची लग्ने लागतात; मांडव उसाचा आणि वृंदावनात चिंचा-आवळे, सगळे त्याच आठवड्यात शेतातून आणि झाडावरून आलेले. त्रिपुरीच्या रात्री दीपमाळा पेटतात. चंद्र कृत्तिकांजवळ असतो, म्हणून महिन्याचे नाव कार्तिक. दुसऱ्या पहाटे तो पश्चिमेला मावळत असताना पूर्वेला सूर्य येतो. गावात काकड्याची समाप्ती होते, दहीकाला होतो, पंगती बसतात.

मार्गशीर्ष लागला की हेमंत. देऊळ पहाटे शांत असते, पण शेत नसते. हरभरा फुलोऱ्यात येतो आणि त्याच्या पानांवरच्या बारीक केसांतून आंबट रस सुटतो. शेतकरी रात्री झाडांवर स्वच्छ पांढरे फडके पसरून ठेवतात. उजाडायच्या आत ते दंवाने आणि त्या रसाने जड झालेले असते. मग ते उचलायचे, घट्ट पिळायचे आणि बाटलीत आंब भरून घ्यायची. पोटदुखीवर ती वर्षभर पुरते. हे काम सूर्य वर येण्यापूर्वीच करावे लागते.