दोन एकरांतील गोल्फ

गोल्फ म्हटले की पुण्याच्या येरवड्यातील किंवा मुंबईच्या चेंबूरमधील हिरवीगार मैदाने, त्यांवरील संपन्न सभासद आणि त्यांच्यामागे पिशवी वाहणारे कॅडी एवढेच चित्र आपल्या मनश्चक्षूंपुढे उभे राहते. आणि ज्या जिल्ह्यात जमिनीचे मोल कापूस-सोयाबीनच्या उताऱ्यावर व पाण्याचे मोल चैत्र-वैशाखातील टंचाईवर ठरते, त्या यवतमाळ जिल्ह्यातील माणसाने या खेळाकडे पाठ फिरवली, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. अठरा होलच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर भूमी आणि उन्हाळ्यात रोज लाखो लिटर पाणी लागते; तसे मैदान येथे मागणे हा शुद्ध अविवेक होय. परंतु संपूर्ण खेळ ऐपतीबाहेरचा आहे, म्हणून त्यातील सर्वांत सूक्ष्म आणि सर्वांत अल्पखर्ची अंगावरही पाणी सोडावे, हा न्याय मला मान्य नाही.

ते अंग म्हणजे होलपासून तीस ते शंभर वारांच्या टापूतून, वेज नावाच्या तिरप्या पात्याच्या काठीने मारलेला आखूड फटका. लांब फटक्यात खेळाडू आपले सारे बळ ओततो, आणि ज्याचे त्याचे सारे बळ हे बहुधा ठरलेलेच असते. आखूड फटक्यात मात्र बळ राखून ठेवावयाचे असते, आणि किती राखावयाचे याचा निर्णय दर खेपेस नव्याने करावा लागतो. नासातील संशोधन सोडून गोल्फच्या अध्यापनाकडे वळलेले अमेरिकन पदार्थवैज्ञानिक डेव्ह पेल्झ यांनी या अनिश्चिततेवर घड्याळाचा तोडगा सुचविला: उजवखोऱ्या खेळाडूने आपला डावा हात हा घड्याळाचा काटा मानून तो मागे साडेसात, नऊ आणि साडेदहा या तीनच स्थानांपर्यंत न्यावा, लय मात्र तिन्ही वेळी एकच ठेवावी, म्हणजे निरनिराळ्या कोनांच्या चार वेज हाताशी असता चार त्रिक बारा अशी बारा अंतरे त्याच्या स्वाधीन होतात. विटीदांडूत विटी कोठे पडली हे पाहून दांडूंचा अचूक अदमास सांगणाऱ्या आमच्या मुलांना या विद्येचा पूर्वार्ध शिकविण्याची गरज नाही. त्यांची नजर तयार आहे, हात तेवढा तयार करावयाचा आहे.

तो तयार करण्याची रीतही विचारपूर्वक ठरविली पाहिजे. एकाच खुणेवर शंभर चेंडू मारले की हात बसतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण १९७८ साली केर आणि बूथ या संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग याच्या उलट साक्ष देतो. काही मुलांनी तीन फुटांवरील लक्ष्यावरच छोट्या पिशव्या फेकण्याचा सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवर आलटूनपालटून केला. आणि पुढे तीन फुटांवरच परीक्षा घेतली असता, त्या अंतराचा सराव न केलेली मुलेच सरस ठरली. तेव्हा पन्नास वारांनंतर तीस, मग ऐंशी, मग पुन्हा चाळीस असा क्रम मोडीत केलेला सराव आरंभी कितीही निराशाजनक वाटला, तरी अंतराचे खरे ज्ञान त्यातूनच होण्याचा संभव अधिक.

यासाठी लागते किती? शंभर वार लांब आणि चाळीस वार रुंद पट्टी म्हणजे चार हजार चौरस वार, अर्थात एकराहूनही कमी. वेजने मारलेला चेंडूही माणसाला जायबंदी करू शकतो, म्हणून भोवती निर्मनुष्य राखलेली जागा धरली तरी दोन एकरांत काम भागते. आमची काळी जमीन पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पडल्यानंतर चेंडू किती घरंगळला याला येथे काही अर्थ राहत नाही. परंतु वेजच्या अभ्यासात मोजावयाचा असतो तो चेंडूचा पहिला टप्पा, आणि तो फक्कीने आखलेल्या वर्तुळात पडला की बाहेर, हे हिरवळीवाचूनही स्वच्छ दिसते. उभे राहण्यास काथ्याची चटई असली की पुरे; पाण्याचा थेंबही खर्ची पडत नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप येईल, आणि तो निराधार नाही. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, व्यावसायिक खेळाडूंच्या गुणसंख्येत जो फरक पडतो त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग शंभर वारांपलीकडच्या फटक्यांतून येतो. ‘आखूड खेळ हेच सर्वस्व’ हे जुने वचन त्यामुळे अर्धसत्य ठरते. मला या हिशेबाचे भय वाटत नाही. उरलेल्या तिसऱ्या हिश्शात होलजवळ चेंडू घरंगळवत नेण्याचे पटिंगही मोडते हे मान्य करूनसुद्धा, दीडशे एकरांच्या विद्येतील एवढा वाटा दोन एकरांत मिळू शकत असेल, तर तो सौदा कोणत्या खातेदाराला आतबट्ट्याचा वाटेल? टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारताची गोल्फपटू अदिती अशोक लांब फटक्यांत बहुतेक प्रतिस्पर्ध्यांच्या मागे असूनही चौथी आली आणि तिचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. आखूड खेळाची योग्यता सांगण्यास याहून बोलका दाखला नको.

म्हणून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयास आणि जिल्हा नियोजन समितीस माझी सूचना इतकीच की, पुसद, वणी किंवा दारव्हा यांपैकी एखाद्या तालुका क्रीडा संकुलाच्या आवारात, तेथे जागा नसल्यास रीतसर मोजणी करून ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीच्या, एखाद्या पडीक तुकड्यावर, गुराढोरांच्या चराईला बाध न आणता, असे एक सरावक्षेत्र प्रयोगादाखल आखावे, जुन्या वेज मिळवाव्यात आणि वर्षातून काही काळ प्रशिक्षक बोलवावा. अठरा होलचा प्रस्ताव दप्तरात आला, तर तो निःसंकोच फेटाळावा. उरलेल्या दोन तृतीयांश विद्येसाठी येथील होतकरू मुलाला पुण्याची वाट धरावीच लागेल. पण ती धरण्यापूर्वी आपला फटका किती वारांवर पडतो हे त्याला ठाऊक असावे, एवढी तजवीज करणे जिल्ह्याच्या ऐपतीत निश्चित आहे.