गोळ्या घरपोच, पगार मात्र नाही

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये संगणक कंपन्यांची कार्यालये आहेत, तशीच बांधकाम मजुरांची बिऱ्हाडेही. या मजूर बायकांना तांबी, माला-एन, नसबंदी यांची माहिती देते ती आशाताई. २०११ पासून गर्भनिरोधके घरपोच देण्याचे काम आशांकडे आले. मोबदला किती? तीन निरोधांमागे १ रुपया, महिन्याच्या गोळ्यांमागेही १ रुपया, आणि तोही त्या बाईकडूनच मागून घ्यायचा!

शासनाच्या लेखी ती 'स्वयंसेविका'. टपाल खात्यातील आमच्या ई.डी. बांधवांना, म्हणजे आजच्या ग्रामीण डाक सेवकांना, ही शब्दांची चलाखी चांगली ठाऊक आहे.

पुरुष सभासदांनो, तुम्हालाही एक विचारतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहितांत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी अवघी ०.३! आशाताई दारात आली की आपण बायकोला पुढे करतो ना?

२०१३ च्या ४५व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानण्याची शिफारस केली. ती कागदावरच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातील आशा बंगळूरच्या फ्रीडम पार्कमध्ये १५,००० रुपयांसाठी धरणे धरून बसल्या, तेव्हा कुठे दरमहा किमान १०,००० चे आश्वासन पदरात पडले.

आशांना कामगाराचा दर्जा ही मागणी आपल्या मागणीपत्रात यावी, असे आमचे मत आहे. रेल्वे व टपाल शाखांनी तसे ठराव पाठवावेत.