विश्लेषण : रॉक बँड परततात, मग बेंजो पार्टी का नाही?

अमेरिकेतील ‘द सॉनिक्स’ हा गॅरेज रॉक बँड साठच्या दशकात गाजला, विखुरला आणि २०१५ मध्ये नवा अल्बम घेऊन परतला. मुंबईच्या ‘इंडस क्रीड’नेही २०१२ मध्ये असेच पुनरागमन केले. सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे वाजलेल्या बेंजो पार्ट्या मात्र एकदा बंद पडल्या की कायमच्या विस्मरणात जातात. असे का होते?

गॅरेज रॉक म्हणजे काय?

साठच्या दशकात अमेरिकेतील हौशी पोरे घरच्या गॅरेजमध्ये गिटार-ड्रम वाजवू लागली. शिक्षण बेताचे, साहित्य स्वस्तातले, आवाज कर्कश आणि फाटका. पण उत्साह दांडगा. त्यावरूनच या शैलीला हे नाव पडले. टॅकोमा शहरातील सॉनिक्सचा पहिला अल्बम १९६५ मध्ये आला. तो काही जगभर खपला नाही, पण पुढच्या पिढ्यांनी तो शोधून ऐकला.

पुनरागमन कशामुळे शक्य झाले?

जुने ध्वनिमुद्रण शिल्लक होते म्हणून. १९७२ मध्ये लेनी के यांनी अशाच विसरलेल्या बँडची गाणी ‘नगेट्स’ या संग्रहात एकत्र केली आणि शैलीला दुसरा जन्म मिळाला. सॉनिक्सच्या मूळ चमूतील तिघांनी २०१५चा अल्बम केला, तोही मुद्दाम जुन्या मोनो पद्धतीने. मुंबईतील ‘रॉक मशीन’ १९८४ मध्ये सुरू झाला, १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ झाला आणि १९९७ मध्ये थांबला. उदय बेनेगल, महेश तिनईकर यांच्यासह तो परतला, तेव्हा मागच्या अल्बमला सतरा वर्षे झाली होती. तरीही ‘इव्हॉल्व्ह’ची तुलना करायला श्रोत्यांकडे जुनी गाणी होती.

याचा सातारा-सांगलीशी काय संबंध?

आपल्याकडचे गॅरेज रॉक म्हणजे बेंजो. १९१२ मध्ये जपानमध्ये तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्याचे हे भारतीय भावंड. त्याला पिकअप लावला, तो अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, सोबत ताशा आणि ऑक्टोपॅड आला की टेम्पोवर उभा राहतो तो अस्सल रस्त्यावरचा बँड. वरात, गावची यात्रा, गणेश विसर्जन ही त्याची मैफल. आता डीजेच्या भिंतींनी ती जागा बळकावली आहे.

ध्वनिमुद्रणाची ताकद सांगली जिल्ह्याला नवी नाही. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, पण तबकड्यांमुळे त्यांचा आवाज आजही ऐकता येतो. बेंजोवाल्यांच्या वाट्याला फार तर कुणाच्या तरी मोबाइलमधली गोंगाटी क्लिप येते.

मग अल्बम का निघत नाही?

कमाई सुपारीवर चालते. वाजवले की पैसे, वाजवले नाही तर हात रिकामे. शिवाय बहुतेक चाली चित्रपटगीतांच्या. कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या वरातीत गाणे वाजवायला सूट आहे, पण तेच गाणे मुद्रित करून विकायला नाही. मालकाची थेट परवानगी नसेल, तर कलम ३१ सीनुसार पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे लागते आणि साधारणपणे वर्षाला किमान ५० हजार प्रतींचे स्वामित्वधन आगाऊ भरावे लागते. गावातल्या पार्टीला हे परवडणारे नाही.

उपाय काय?

वाट पारंपरिक आणि स्वतःच्या चालींतून जाते. जुन्या लोकचालींवर कुणाची मालकी नसते, नव्या चालीवर वादकाची स्वतःची असते. गणेश मंडळांनी डीजेच्या खर्चातला थोडा वाटा एका दिवसाच्या ध्वनिमुद्रणासाठी द्यावा. दोन्ही जिल्हे ज्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात, तिथे संगीत विभाग आहे. त्याने वादकांच्या नाव-गावासह हा ठेवा जतन करावा.

स्टुडिओत रस्त्याची मजा येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण सॉनिक्सने आवाज गुळगुळीत केला नाही, म्हणूनच तो टिकला. बेंजोही जसा वाजतो तसाच मुद्रित व्हावा, आणि तो वाजवणारे जुने हात अजून शाबूत आहेत तोवर व्हावा.