अश्रूंची साक्ष

अ‍ॅनिमे या जपानी कलाप्रकाराविषयी गंभीरपणे बोलण्याची वेळ आली की बहुतेक विवेचने एकाच मुक्कामावर येऊन थांबतात. अमुक प्रसंग पाहताना प्रेक्षकाला रडू आवरत नाही, म्हणून तो प्रसंग श्रेष्ठ. त्यापाठोपाठ करुणरसाचे नाव घेतले जाते आणि नाव घेतले की विश्लेषणाची जबाबदारी संपली, असे मानले जाते. या भूमिकेचा प्रतिपक्षही तितकाच आळशी आहे. जे रडवते ते भावविवश, जे भावविवश ते बाजारू, आणि जे बाजारू ते समीक्षेच्या कक्षेबाहेरचे, असा त्याचा सरळसोट हिशेब असतो. 'श्यामची आई'च्या (१९३५) संदर्भात मराठी वाचकाला हे दोन्ही सूर परिचयाचे आहेत. वस्तुतः दोन्ही पक्षांचे एक गृहीतक समान आहे. अश्रू हा कलाकृतीविषयीचा पुरावा आहे, असे दोघेही मानतात. एक तो बचावासाठी सादर करतो, दुसरा फिर्यादीसाठी. हे गृहीतकच मुळात टिकणारे नाही. ते तपासण्यासाठी इसाओ ताकाहाता यांच्या 'होतारु नो हाका' (१९८८), म्हणजे 'काजव्यांची कबर', या चित्रपटाइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. कारण प्रेक्षकांच्या अश्रूंनी इतका झाकून टाकलेला दुसरा अ‍ॅनिमेपट दाखवणे कठीण आहे.

प्रथम रससिद्धान्ताची साक्ष काढणाऱ्यांकडे वळावे. भरताने अश्रूची गणना आठ सात्त्विक भावांत केली आहे. हा भाव नाट्यातील पात्राचा, आणि पर्यायाने नटाच्या अभिनयाचा. प्रेक्षकाच्या आस्वादाचे मोजमाप म्हणून तो सांगितलेला नाही. शिवाय अश्रूंची कारणे सांगताना नाट्यशास्त्र शोकाबरोबर आनंद आणि अमर्ष तर सांगतेच, पण धूर, अंजन आणि जांभई यांनाही वगळत नाही. अश्रूवरून रस ओळखू पाहणाऱ्याने निदान या जांभईचा तरी विचार करावा. प्रेक्षकाच्या अश्रूंचा प्रश्न विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त घेतला आहे आणि त्याचे उत्तर चित्ताची द्रुती असे दिले आहे. म्हणजे अश्रू दुःखाचे चिन्ह असतातच असे नाही. चित्त द्रवले, एवढेच ते सांगतात. कशाने द्रवले, का द्रवले आणि द्रवल्यावर त्याला काय दिसले, याविषयी ते मौन पाळतात. अभिनवगुप्त याच्याही पुढे जातो. रसप्रतीतीच्या सात विघ्नांमध्ये त्याने 'निजसुखादिविवशीभाव' हे एक विघ्न सांगितले आहे. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाने विवश झाला की समोरच्या नाट्याची प्रतीती त्याला होत नाही. स्वतःची बहीण, स्वतःची आई आठवून जो रडतो त्याच्या रडण्याला करुणरसाचे प्रमाणपत्र देणे म्हणजे ज्याला शास्त्र विघ्न म्हणते त्यालाच फळ म्हणणे होय. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'ने (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांचा एवढा सविस्तर ऊहापोह केल्यानंतरही हा घोटाळा चालू राहावा, याचे नवल वाटते.

अ‍ॅनिमेच्या बाबतीत प्रश्न आणखी बिकट होतो. सत्त्व मनाच्या एकाग्रतेतून उत्पन्न होते, असे भरत म्हणतो. परंतु रेखाटलेल्या पात्राला मन नाही, देह नाही, अश्रुग्रंथीही नाहीत. गालावरून ओघळणारा थेंब हा काही चित्रांचा प्रश्न आहे. 'तेत्सुवान आतोमु'पासून (१९६३) जपानी दूरचित्रवाणीवर जी काटकसरीची चित्रणपद्धती रूढ झाली तिच्यात तर चेहरा स्थिर ठेवून केवळ ओठ किंवा डोळ्यांतील चकाकी हलवण्यावर भागवले जाते. नटाला सर्वांत अवघड असणारी गोष्ट येथे सर्वांत स्वस्त झालेली असते. म्हणून अ‍ॅनिमेतील रडणारा चेहरा हा प्रेक्षकाच्या रडण्याचे कारण म्हणून पुढे करता येत नाही. कारण इतरत्र शोधावे लागते: आवाजात, काळाच्या मांडणीत, चौकटीच्या अंतरात. सामान्यतः जपानमध्ये चित्रण आधी आणि ध्वनिमुद्रण नंतर होते. 'काजव्यांची कबर'मधील चार वर्षांच्या सेत्सुकोचा आवाज मात्र खऱ्या लहान मुलीचा आहे आणि तो आधी मुद्रित करून चित्रे त्यावर बेतली गेली. म्हणजे या चित्रपटात देह आवाजाच्या मागून येतो. ज्या समीक्षेला ही एवढी साधी तांत्रिक बाब नोंदवण्याची गरज वाटत नाही, तिला सेत्सुकोच्या मृत्यूने गहिवरून येण्याचा अधिकार अवश्य आहे. त्यावर निबंध लिहिण्याचा नाही.

अश्रूंना पुरावा न मानणारी एक मांडणी जपानमध्येच झालेली आहे. हिरोकी आझुमा यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, उत्तर-आधुनिकतेच्या पशुकरणाविषयीच्या आपल्या ग्रंथात असा सिद्धान्त मांडला की ओताकू ग्राहक कथेचा उपभोग घेत नाही. तो कथेमागील घटकसंचयाचा उपभोग घेतो. केसांचा रंग, बोलण्याची लकब, असाध्य आजार, हरवलेली स्मृती असे घटक ठरावीक रीतीने जुळवले की अश्रू येतात. रडवण्यासाठीच रचलेल्या संगणकीय खेळांचा एक स्वतंत्र वर्गच तेथे निर्माण झाला. भावनेची भूक लागावी आणि ती विनाविलंब भागवली जावी, या व्यवहाराला आझुमा कोजेव्हच्या परिभाषेत पशुवत म्हणतात. मांडणी मार्मिक आहे. पण तिचा आधार घेऊन सगळ्याच अश्रूंना बाद करणारे तिच्या मर्यादेकडे दुर्लक्ष करतात. घटक समान असले तरी त्यांतून उभी राहणारी संहिता समान असत नाही. याच खेळांच्या परंपरेतून आलेली 'क्लॅनाड : आफ्टर स्टोरी' (२००८-०९) ही मालिका पाहावी. पत्नीच्या मृत्यूनंतर मुलीला पाच वर्षे दूर ठेवणारा बाप फुलांच्या शेतात तिच्यासमोर उभा राहतो. रडायचे ते फक्त शौचालयात किंवा बाबांच्या कुशीत, असे त्या मुलीला शिकवलेले असते. हा तपशील घटकसंचयातून उचललेला नाही. रडण्यालाही जागा लागते आणि ती जागा देणारा माणूस पाच वर्षे गैरहजर होता, हा आरोप त्या एका शिकवणीत सामावला आहे. दुर्दैवाने मालिका हा आरोप अखेरपर्यंत निभावत नाही. शेवटी चमत्कार घडतो, काळ मागे फिरतो, मेलेली पत्नी जगते आणि प्रेक्षकाला त्याचे अश्रू व्याजासह परत मिळतात. बापाची पाच वर्षे मात्र हिशेबातून गळतात. आक्षेप घ्यायचा तर तो या परतफेडीवर घ्यायला हवा. रडण्यावर घेऊन काय साधणार?

'काजव्यांची कबर'मध्ये परतफेड नाही. पहिल्याच वाक्यात निवेदक आपल्या मृत्यूची तारीख सांगतो: २१ सप्टेंबर १९४५ ची रात्र. सान्नोमिया स्थानकात खांबाला टेकून चौदा वर्षांचा सेइता मरतो. त्याच्याजवळचा गोळ्यांचा डबा स्थानकातील माणूस अंधारात भिरकावतो. त्यातून हाडांचे तुकडे पडतात, काजवे उडतात. पुढे काय होणार ही उत्कंठा येथे पहिल्या काही मिनिटांतच मोडीत काढली आहे. उरतो तो एकच प्रश्न: हे कसे घडले, आणि कोणी घडवले? नेमका हाच प्रश्न अश्रूंच्या पुरात वाहून जातो. युद्धाने निष्पाप बालकांचा बळी घेतला, म्हणून हा युद्धविरोधी चित्रपट, असा निर्वाळा देऊन प्रेक्षक डोळे पुसतो. ताकाहातांनी हा निर्वाळा वेळोवेळी नाकारला. ते स्वतः नऊ वर्षांचे असताना २९ जून १९४५ रोजी ओकायामावरील बॉम्बहल्ल्यातून वाचले होते. युद्धाविषयी त्यांना हळवेपणाने बोलायचे असते तर कोणी अडवले नसते. त्यांना दाखवायचा होता तो समाजापासून तुटून दोघांपुरते जग उभारण्याचा एका मुलाचा प्रयत्न आणि त्या प्रयत्नाचे अपयश. आजच्या तरुणाने सेइतामध्ये स्वतःला ओळखावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

संहिता या अपेक्षेला साक्ष देते. आईने बँकेत सात हजार येन ठेवलेले आहेत, हे सेइताला माहीत आहे. काकूच्या घरातील टोचून बोलणे सहन होत नाही तेव्हा तो बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या सोडून दिलेल्या भुयारी निवाऱ्यात राहायला जातो. त्याला कोणी हाकलून दिलेले नाही. उरलेले तीन हजार येन तो काढतो तेव्हा बहीण मरणाच्या दारात आहे, आणि त्याच बँकेत त्याला कळते की जपानने शरणागती पत्करली आहे. नौदलातील बापाच्या आरमाराचा अभिमान, काकूपुढे मान न तुकवण्याचा हट्ट आणि बहिणीची भूक, या तिन्हींचे वजन चित्रपट शेजारी शेजारी ठेवतो. कोणते जड हे सांगत नाही. काकूला खलनायिका ठरवून रडणारा प्रेक्षक हा तराजू पाहतच नाही. अर्थात, उलट टोकाला जाऊन सगळा दोष सेइतावर टाकणारे वाचनही तितकेच उथळ आहे. मुलाने शिस्त पाळली असती, कामाला लागला असता तर जगला असता, असे म्हणणे म्हणजे काकूच्या तोंडचेच वाक्य समीक्षकाने उच्चारणे होय. लोक त्या विधवेहूनही अधिक कठोरपणे सेइताला दोषी ठरवतील असा काळ येऊ शकेल, ही भीती ताकाहातांनी चित्रपट प्रदर्शित झाला त्याच सुमारास बोलून दाखवली होती.

दोन प्रसंग विशेष पाहण्यासारखे आहेत. आईचा भाजलेला देह पाहून आलेला सेइता शाळेच्या मैदानात सेत्सुकोला सामोरा जातो. आई भेटणार नाही हे तो सांगत नाही. पण ती ओळखते आणि खाली बसून रडू लागते. सेइता तिला जवळ घेत नाही. तो लोखंडी दांड्याला लटकून कोलांट्या घेऊ लागतो. चौकट दूर उभी राहते. रडणारी मुलगी आणि गरगरणारा मुलगा एकाच दृश्यात, दोघांमध्ये रिकामे मैदान. काटकसरीच्या अ‍ॅनिमेने येथे डोळ्यांतील चकाकीचा समीपदृश्याने उपयोग करून घेतला असता. ताकाहाता तो मोह टाळतात, कारण त्यांना दुःखापेक्षा दुःखासमोरची असहायता दाखवायची आहे. आणि असहायता अंतरावरूनच दिसते. प्रेक्षक येथेही रडतो. पण तो कोणासाठी रडतो? मुलीसाठी रडत असेल तर त्याने निम्मेच दृश्य पाहिले.

दुसरा प्रसंग सेत्सुकोच्या मृत्यूनंतरचा. तळ्यापलीकडच्या बंगल्यात सुखवस्तू मुली परततात, ग्रामोफोन लावतात. आमेलिता गाल्ली-कुर्चीच्या आवाजातले 'होम, स्वीट होम' पाण्यावरून वाहत येते आणि निवाऱ्याभोवती एकटीच खेळणारी सेत्सुको दिसू लागते: धावणारी, शिवण करणारी, पाण्यातल्या प्रतिबिंबाशी खेळणारी. चित्रपटातील सर्वाधिक अश्रू येथेच सांडले जातात. कथनमीमांसेच्या दृष्टीने मात्र हा प्रसंग विलक्षण आहे. हे क्षण सेइताने जिवंतपणी पाहिलेलेच नाहीत. तो अन्नाच्या शोधात, कधी चोरी करण्यासाठी बाहेर होता. ती एकटी होती म्हणून तर हे क्षण घडले. त्याच्या आठवणींनी उभारलेल्या कथनात अचानक त्याच्या गैरहजेरीची दृश्ये येतात. ज्याला प्रेक्षक गोड स्मृती समजून रडतो ती स्मृती कोणाचीही नाही.

आणि कथनाला एक पाहणारा आहे, हे विसरून चालणार नाही. लालसर प्रकाशात न्हालेले सेइताचे भूत अधूनमधून चौकटीच्या कडेला उभे असते आणि स्वतःचाच भूतकाळ पाहते. संहितेने आत बसवलेला प्रेक्षक तो हाच. आईची किमोनो-वस्त्रे तांदळासाठी दिली जातात, सेत्सुको आकांत करते, तेव्हा हे भूत रडत नाही. ते आपले कान झाकून घेते. स्वतःच्या आयुष्याचा हा प्रेक्षक द्रवत नाही, विरघळत नाही. त्याला ते ऐकवत नाही, एवढेच. अश्रूंना आस्वादाची परिसीमा मानणाऱ्यांना या कान झाकण्याचा अन्वयार्थ लावता आल्याचे दिसत नाही.

येथे कोणी 'मोनो नो आवारे'चा आधार घेईल. मोतोओरी नोरिनागाने अठराव्या शतकात 'गेंजी'च्या संदर्भात विशद केलेली ही संकल्पना अलीकडे कोणत्याही जपानी कलाकृतीवर कुंकवासारखी लावली जाते. काजवे अल्पायुषी, फुले अल्पायुषी, बालिका अल्पायुषी, झाले रसग्रहण. सेत्सुको काजव्यांसाठी खड्डा खणताना विचारते की ते इतक्या लवकर का मरतात, हे खरे. परंतु काजवा निसर्गाने मरतो आणि सेत्सुको अन्नाअभावी. हे दोन मृत्यू एकाच क्षणभंगुरतेत मिसळणे म्हणजे रेशनचा प्रश्न ऋतुचक्राकडे सोपवणे होय.

मूळ कथा आकियुकी नोसाका यांची, १९६७ सालची. नोसाका (मृत्यू २०१५) हे कोबेत दत्तक गेलेले. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यानंतर दत्तक घरातील त्यांची धाकटी बहीण फुकुई येथे कुपोषणाने गेली. आपण सेइतासारखे प्रेमळ भाऊ नव्हतो, तिच्या वाट्याचे अन्न आपण खाल्ले, ती रडू लागली की तिच्यावर हात उगारला, हे त्यांनी पुढे लपवले नाही. ती बहीण सुमारे दीड वर्षाची होती. कथेत तिचे वय चार झाले आणि तिला वाचा मिळाली. भावाला दगडांचा भात वाढता येईल, त्याला काही म्हणता येईल एवढी वाचा. १९८८ मध्ये त्या वाचेला एका खऱ्या लहान मुलीचा आवाज मिळाला, चित्रे काढण्याच्याही आधी.